रिपोर्टात २८ चं औषध असताना डॉक्टरांनी २० चं का दिलं?

प्रश्न: नमस्कार ताई, मी कळव्याला राहते. माझ्या सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत, गेल्या आठवड्यात त्यांना लघवीला जळजळ आणि सारखं सारखं जावं लागणं सुरू झालं. कपाटात अझिथ्रोमायसिनची उरलेली स्ट्रिप होती, त्यातल्या तीन गोळ्या दिल्या पण काही फरक पडला नाही. मग डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी युरीन कल्चर (लघवीतला जंतू वाढवून बघायची तपासणी) करायला लावलं. रिपोर्टात ई. कोलाय नावाचा जंतू आलाय. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिमपुढे आर लिहिलंय, नायट्रोफ्युरॅन्टॉइन एस आणि २० मिमी, मेरोपेनेम एस आणि २८ मिमी. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरॅन्टॉइनच्या कॅप्सूल दिल्यात, पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. नणंद म्हणते २८ वालं स्ट्राँग औषध समोर दिसत असताना २० वालं हलकं कशाला, ॲडमिट करून इंजेक्शनच द्या, एकदाचं काय ते मुळापासून जाईल. मला काही सुचत नाहीये. आणि माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, तो वेगळंच विचारतो, की गोळी पोटात गेल्यावर तिला कळतं कसं जंतू कोण आणि आजी कोण? दोन्हीची उत्तरं द्याल का?

उत्तर: ताई, आधी काळजीचं बोलते. सासूबाईंना थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, किंवा बोलण्यात एकदम गोंधळ, यातलं काही आहे का? असेल तर हे वाचायचं राहू द्या आणि आत्ता डॉक्टरांना फोन करा, कारण मग इन्फेक्शन मूत्राशयातून वर किडनीकडे गेलेलं असू शकतं आणि तिथे ही कॅप्सूल पुरत नाही (का ते पुढे येईलच). पण फक्त जळजळ आणि सारखं जाणं एवढंच असेल तर तुमच्या डॉक्टरांनी विचार करून औषध दिलंय आणि मी त्यांच्या बाजूने आहे.

मी बावीस वर्षं ठाण्यात एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीला होते. तुमच्या रिपोर्टातले ते २० आणि २८ असले आकडे मी रोज स्वतः पट्टी लावून मोजायचे, त्यामुळे नणंदबाईंचा गैरसमज मला नवीन नाही, काउंटरवर दर आठवड्याला कोणीतरी रिपोर्टात सगळ्यात मोठ्या आकड्याला पेनाने गोल करून यायचंच आणि विचारायचं की हे का नाही दिलं. त्यांची चूक नाही, आम्ही आकडा छापतो आणि त्याचा अर्थ छापत नाही.

तर तो आकडा येतो कुठून ते सांगते. लघवीचा अगदी छोटा थेंब तारेच्या लूपने जेलीसारख्या प्लेटवर पसरवतात आणि रात्रभर ३७ डिग्रीला ठेवतात. ई. कोलाय असला की मॅककाँकी नावाच्या प्लेटवर सकाळी गुलाबी ठिपके दिसतात, एकेक ठिपका म्हणजे एकेका जंतूचं रात्रीत वाढलेलं आख्खं गाव, सगळं जमून आलं तर हा जंतू साधारण वीस मिनिटाला दुप्पट होतो. मग त्यातले दोन-चार ठिपके घेऊन सलाईनमध्ये ढवळायचे, पाणी ठरलेल्या गढूळपणाचं झालं की त्यात कापूस बुडवून दुसऱ्या प्लेटवर सगळीकडे सारखा फिरवायचा, आणि त्यावर कागदाच्या ६ मिमीच्या चकत्या ठेवायच्या. प्रत्येक चकतीत एक औषध मुरवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडात धरली की जंतूंची धुरकट साय आलेली असते आणि काही चकत्यांभोवती काचेसारखी स्वच्छ रिंग, म्हणजे तिथे जंतू वाढलाच नाही. काही चकत्यांना मात्र साय अगदी कडेपर्यंत येऊन चिकटलेली असते, रिंगच नाही. तुमच्या सासूबाईंच्या प्लेटवर सेफिक्झिमची चकती बहुतेक अशीच असणार.

आता गंमत अशी की दोन औषधांच्या रिंगा एकमेकींशी ताडून बघायच्याच नसतात. नायट्रोफ्युरॅन्टॉइनच्या चकतीत ३०० मायक्रोग्रॅम औषध असतं, मेरोपेनेमच्या चकतीत फक्त १०. एकाचा रेणू त्या जेलीतून भराभर पसरतो, दुसऱ्याचा हळू. त्यामुळे पास व्हायचा मार्क प्रत्येकाचा वेगळा ठरवलेला आहे. ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरॅन्टॉइन १७ मिमीला पास होतं, मेरोपेनेमला २३ लागतात. म्हणजे नायट्रोची रिंग २० आली तर ती पास आहे, आणि मेरोपेनेमची २२ आली असती तर ती मोठी असूनही पास नसती! म्हणून रिपोर्टात आकडा सोडा, पुढचं अक्षर बघा. एस म्हणजे नेहमीच्या डोसने हे काम करेल, आर म्हणजे जंतू याला दाद देणार नाही. एस मध्ये पहिला नंबर दुसरा नंबर असं काही नसतं. एवढ्या एसमधून कुठला निवडायचा हे प्लेट सांगत नाही, ते डॉक्टरने ठरवायचं असतं, आणि ते ठरवताना काय काय बघतात हाच खरा तुमचा प्रश्न आहे.

त्याआधी तुमच्या लेकाकडे वळते, कारण त्याचा प्रश्न फार आवडला मला आणि त्यात बाकी सगळ्याचं मूळ आहे.

त्याला सांगा, जंतू मारणं मुळीच अवघड नाही. उकळतं पाणी मारतं, फिनाईल मारतं, ब्लीच मारतं. आपण ते पीत नाही कारण ते आजीलाही मारेल. अवघड काय आहे तर आजीच्या आत असलेला जंतू मारायचा आणि आजीला धक्का लागू द्यायचा नाही. जर्मनीतले डॉक्टर पॉल एर्लिख याच विचाराने झपाटलेले होते, त्यांना दिसलं की काही रंग जंतूंना चढतात आणि आजूबाजूच्या पेशींना चढत नाहीत, मग तसंच फक्त जंतूला जाऊन चिकटणारं विष का मिळू नये? त्याला ते जादूची गोळी म्हणायचे, बंदुकीची गोळी, फक्त शत्रूलाच लागणारी. १९१० साली त्यांचं साल्व्हरसान बाजारात आलं, सिफिलिसवर, आर्सेनिकचं होतं, त्रासही बराच द्यायचं, पण वाट ती पडली.

गोळीला कळत काहीच नाही. ती रक्तातून सगळीकडे सारखीच फिरते, आजीच्या पेशीपाशी जाते तशी जंतूपाशी जाते. फरक एवढाच की तिला धरायला जी वस्तू लागते ती जंतूकडे असते आणि आजीकडे नसते, किंवा असली तरी वेगळ्या घडणीची असते. किल्ली सगळ्या मजल्यांवर फिरवली तरी एकच कुलूप उघडणार ना, तसं.

ही वस्तू कुठली, तर सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे जंतूची भिंत. एखाद्या रविवारी लेकाला घेऊन ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात जा आणि जाळं विणणारं कोणी दिसलं तर जरा थांबून बघा. ई. कोलायच्या अंगाभोवती असंच एक जाळं असतं, साखरेच्या साखळ्या आणि त्यांना आडव्या गाठी. आतमध्ये एवढा दाब असतो की जाळं नसेल तर जंतू फुटेल. आता जंतूला वाढायचं म्हणजे जाळं मोठं करायला हवं, त्यासाठी तो जुन्या गाठी सोडतो, मधे नवा धागा घालतो आणि परत गाठ मारतो, हे सतत चालू. पेनिसिलिन काय करतं, तर गाठ मारणारा जो हात आहे, म्हणजे एक एन्झाइम, त्यातच जाऊन अडकतं आणि तो हात कायमचा निकामी करतं. पण गाठी सोडणारा हात मोकळाच असतो, तो सोडत सुटतो. जाळं विरत जातं आणि जंतू आतल्या दाबाने फुटतो. आपल्या पेशींना असलं जाळंच नाही त्यामुळे पेनिसिलिनला आपल्यात धरायला काही नाही (ॲलर्जी असते काहींना, ती वेगळी भानगड, आणि ती असली तर डॉक्टरांना दर वेळी आठवणीने सांगायची). अमॉक्सिसिलिन, तुमच्या रिपोर्टातलं सेफिक्झिम, आणि ते २८ वालं मेरोपेनेमसुद्धा, सगळी याच घराण्यातली.

दुसरी वस्तू म्हणजे प्रोटीन बनवायचा कारखाना, रायबोसोम. तो आपल्यालाही असतो पण जंतूचा ७० एस आणि आपला ८० एस (हा एस रिपोर्टातला नाही, मोजायचं माप आहे), घडण वेगळी, लेकाने हे बायोलॉजीत वाचलं असेल. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, अमिकासिन हे जंतूच्या कारखान्यात वेगवेगळ्या ठिकाणी पाचर मारतात. तिसरी गोष्ट फॉलिक ॲसिड, आपण ते पालेभाज्यांतून घेतो, बऱ्याच जंतूंना मात्र बाहेरून घेता येत नाही, घरच्या घरी बनवावं लागतं, सल्फाची औषधं ते बनवणंच बंद पाडतात. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला पकडतं. आणि व्हायरसकडे यातलं काहीच नाही, ना जाळं ना स्वतःचा कारखाना, तो आपल्याच पेशीतला कारखाना वापरतो, म्हणून सर्दी, फ्लू, डेंग्यू यावर अँटिबायोटिकला पकडायला जागाच नसते. पाऊस सुरू झाला की आपल्याकडे घरोघरी तापाला अझिथ्रो सुरू होतं ना, त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमची कॅप्सूल. नायट्रोफ्युरॅन्टॉइन १९५३ पासून वापरात आहे, म्हणजे सासूबाईंपेक्षा वयाने मोठं औषध. ते ज्या रूपात गिळतो त्या रूपात फारसं घातक नसतं. जंतूच्या आत गेलं की जंतूचेच एन्झाइम त्याला बदलतात आणि त्यातून असे तिखट तुकडे होतात की ते डीएनए, रायबोसोम, इतर प्रोटीन, जे दिसेल त्याला चावतात. एकच जागा धरणाऱ्या औषधापासून सुटायला जंतूला ती एक जागा बदलली की पुरतं, इथे त्याला एकाच वेळी किती ठिकाणी बदल करावे लागतील बघा. म्हणूनच सत्तर वर्षं वापरून, सिप्रो आणि सेफिक्झिम आपटल्यावरही, ई. कोलायपुढे हे जुनं औषध बऱ्याच वेळा एस येतं. चांगल्या औषधाचं एक लक्षण हे, की जंतूला त्यातून पळवाट काढणं महाग पडावं.

दुसरं लक्षण, जिथे आजार तिथे ते पोचायला हवं. यावर मला नेहमी पेनिसिलिनची सुरुवात आठवते. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगना लंडनला बुरशी आलेल्या प्लेटमध्ये ते दिसलं हे सगळ्यांना शाळेपासून पाठ असतं, पण त्याचं औषध केलं ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या टीमने, दहा-बारा वर्षांनंतर. १९४१ च्या फेब्रुवारीत त्यांनी अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या एका पोलिसाला ते दिलं, चेहरा, डोळा, फुप्फुस सगळीकडे इन्फेक्शन पसरलेलं. दिवसात फरक दिसला, ताप उतरला, तो जेवायला लागला. पण औषध होतं किती, चिमूटभर, आणि किडनी ते इतक्या झपाट्याने बाहेर टाकते की शेवटी त्याची लघवी गोळा करून त्यातून पेनिसिलिन परत काढून त्यालाच देत होते! तरी पुरलं नाही, साठा संपला, आजार उलटला आणि मार्चमध्ये तो गेला. वाचताना अजून घशाशी येतं माझ्या.

तर किडनी औषध भराभर लघवीत टाकते हा त्या पोलिसासाठी शाप होता, आणि तुमच्या सासूबाईंसाठी तीच गोष्ट वरदान आहे. नायट्रोफ्युरॅन्टॉइन पोटातून रक्तात जातं आणि लगेच लघवीत उतरतं, रक्तात जंतू मरावेत एवढं साठतच नाही पण लघवीत भरपूर साठतं. म्हणजे मूत्राशयात जिथे जंतू बसलाय नेमकं तिथे जोरदार, आणि बाकी अंगात जवळजवळ नाहीच. म्हणूनच इन्फेक्शन किडनीत किंवा रक्तात गेलं की ते उपयोगाचं नाही, सुरुवातीला ताप-थंडीचं विचारलं ते यासाठी. आणि म्हणूनच पोटातल्या चांगल्या जंतूंनाही त्याचा त्रास कमी होतो.

तुमच्या अझिथ्रोचं नेमकं उलटं झालं. अझिथ्रो फुप्फुसात, घशात, पेशींच्या आत जाऊन बसतं, अंगातून निम्मं जायलाच जवळजवळ तीन दिवस लागतात (म्हणून त्याचा कोर्स छोटा असतो), आणि जातं ते जास्त करून पित्तातून संडासवाटे, लघवीत थोडंच उतरतं. त्यात ई. कोलायला जाळ्याच्या बाहेर आणखी एक तेलकट आवरण असतं, त्यातून ते सहज आत शिरत नाही. म्हणजे त्या तीन गोळ्या जिथे आजार होता तिथे नीट पोचल्याच नाहीत, पण घशातल्या आणि आतड्यातल्या बिचाऱ्या निरुपद्रवी जंतूंना मात्र चांगल्याच पोचल्या, आणि त्यातले जे सहन करू शकले ते आता तिथे वाढतील. रागावत नाहीये ताई, कपाटात स्ट्रिप दिसली की हात जातोच, पण झालं काय ते कळायला हवं.

आता नणंदबाईंचं स्ट्राँग. मेरोपेनेम चांगलं औषध आहे, आयसीयूत जीव वाचवतं. पण ते तोंडाने घेता येत नाही, शिरेतून द्यावं लागतं, साधारण दर आठ तासांनी, म्हणजे ॲडमिट होणं, हाताला सुई, त्या सुईतून दुसरंच इन्फेक्शन होण्याची भीती, हॉस्पिटलमधले हट्टी जंतू आजूबाजूला, आणि बिल. शिवाय ते इतक्या प्रकारचे जंतू मारतं की पोटातलं सगळं रान साफ होतं, मग जुलाब, कधी कधी त्यातून वाईट प्रकारचे. मूत्राशयातल्या साध्या इन्फेक्शनला हे सगळं सोसायचं कशाला, जर दोन कॅप्सूल रोज तेच काम करत असतील?

स्ट्राँग हा शब्द मला खुपतो त्याचं घरचं कारण आहे. माझ्या वडिलांना पुष्कळ वर्षांपूर्वी पायाला जखम होऊन इन्फेक्शन झालं होतं, एका नर्सिंग होममध्ये दहा दिवस जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली, आम्हीच मागे लागलो होतो की काहीतरी स्ट्राँग द्या. मधे किडनीची टेस्ट कोणी केली नाही, आम्हाला विचारायचं माहीत नव्हतं. जखम भरली. घरी आल्यावर एक दिवस त्यांच्या मनगटावरचं डिजिटल घड्याळ बीप-बीप करत होतं आणि ते शांतपणे पेपर वाचत होते. मी म्हटलं बाबा घड्याळ बंद करा ना, तर म्हणाले, वाजतंय का? ही औषधं कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मारू शकतात, आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि त्या पेशी परत उगवत नाहीत. बाबांना नंतर चिमण्या कधीच ऐकू आल्या नाहीत. जेंटामायसिन आणि अमिकासिन ही कामाची औषधं आहेत, गरज असेल तिथे द्यावीच लागतात, पण जंतू मरायला लागणारा डोस आणि माणसाला इजा करणारा डोस यांत अंतर फार थोडं, म्हणून रक्त तपासत तपासत द्यायची असतात. पेनिसिलिनमध्ये हे अंतर केवढं तरी मोठं आहे. औषध चांगलं की वाईट ठरवताना मी तरी आता आधी हे अंतर बघते.

आणि एक विचार सासूबाईंच्या पलीकडचा. सेफिक्झिमपुढे आर का आलं असेल? बहुतेक या जंतूकडे एक कात्री आहे, ईएसबीएल म्हणतात तिला, रिपोर्टात खाली बारीक अक्षरात कदाचित लिहिलंही असेल. हे एन्झाइम पेनिसिलिन आणि सेफिक्झिमच्या घराण्याचं मुख्य कडंच कापून टाकतं, ते गाठ मारणाऱ्या हातापर्यंत पोचण्याआधीच. या कात्रीची कृती डीएनएच्या एका छोट्या गोल तुकड्यावर लिहिलेली असते आणि जंतू तो तुकडा एकमेकांना देतात, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. मेरोपेनेमला ही कात्री कापू शकत नाही. पण मेरोपेनेम कापणाऱ्याही कात्र्या आल्यात, त्यातल्या एकीच्या नावात तर नवी दिल्ली आहे, एनडीएम. ती असलेला जंतू अंगात शिरला की डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरतं, कोलिस्टिनसारखं किडनीला त्रास देतं म्हणून एकेकाळी बाजूला ठेवलेलं औषध परत काढावं लागतं. मेरोपेनेम जेवढं जास्त वापरू तेवढ्या या कात्र्या पसरतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये याचसाठी अँटिबायोटिक्सचे तीन गट केले, ॲक्सेस म्हणजे आधी ही वापरा, वॉच म्हणजे जपून, रिझर्व्ह म्हणजे दुसरं काही उरलं नाही तरच. नायट्रोफ्युरॅन्टॉइन ॲक्सेसमध्ये आहे. मेरोपेनेम वॉचमध्ये, कोलिस्टिन रिझर्व्हमध्ये. आणि बघा, मेडिकलमधून सहज मिळणारं आपलं अझिथ्रो आणि सेफिक्झिमही वॉचमध्येच आहेत!

नवीन औषध येईल की, असं म्हणणारे भेटतात. येतं, पण किती वर्षांनी. आपल्या देशात शोधलेलं नॅफिथ्रोमायसिन २०२४ मध्ये जाहीर झालं, न्यूमोनियासाठी, त्यामागे चौदा वर्षांचं काम आहे. अशी औषधं दर पावसाळ्याला एक नाही येणार.

आता घरचं. डॉक्टरांना एक विचारून घ्या, सासूबाईंचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची टेस्ट) अलीकडे कधी तपासलंय का, कारण किडनी मंद असेल तर हे औषध लघवीत पुरेसं उतरत नाही आणि अंगात साठून त्रास देतं, मग डॉक्टर दुसरं काही निवडतील. जी६पीडी नावाच्या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता त्यांना असल्याचं कधी कोणी सांगितलं असेल तर तेही बोला. कॅप्सूल उपाशीपोटी नको, जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या, मळमळ कमी होते आणि औषधही अंगात जास्त चांगलं जातं. ॲसिडिटीची गोळी घेत असतील तर तीही डॉक्टरांना दाखवा, मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेली गोळी या औषधाला धरून ठेवते. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होईल, घाबरू नका, औषधाचाच रंग आहे तो, आधीच सांगून ठेवा नाहीतर त्या रक्त समजून रात्री उठवतील तुम्हाला. धाप लागली, कोरडा खोकला सुरू झाला किंवा हातापायाला मुंग्या आल्या तर मात्र लगेच डॉक्टर.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली तरी पाचही दिवस पूर्ण करा, हे पाच दिवस आधीच कमीत कमी ठरवलेले आहेत. आणि दोन-तीन दिवसांत काहीच उतार नसेल तर सहाव्या दिवसाची वाट बघू नका, फोन करा. डोस सकाळ-संध्याकाळ म्हणजे खरंच बारा तासांच्या आसपास, कारण लघवी केली की औषधही बाहेर जातं. एखादा चुकला तर आठवेल तेव्हा घ्या पण दोन एकदम नको. पाणी नेहमीसारखं प्यायचं, कोणी सांगितलं म्हणून एका बैठकीत दोन लिटर रिचवायचं नाही.

ती उरलेली अझिथ्रोची स्ट्रिप घरात ठेवू नका. बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका, ते पाणी शेवटी खाडीतच जातं आणि तिथल्या जंतूंनाही सराव होतो. ओळखीच्या मेडिकलमध्ये किंवा हॉस्पिटलच्या फार्मसीत परत घेतात का विचारा, नाहीच घेतलं तर गोळ्या स्ट्रिपमधून काढून वापरलेल्या चहापत्तीत मिसळून बंद पिशवीत घालून घरातल्या घातक कचऱ्यात वेगळ्या द्या. यापुढे स्ट्रिपवर मागे लाल उभी रेघ दिसली की समजायचं, हे चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही.

शेवटचं, कारण मला माहितीये नणंदबाई हे विचारणारच. पाच दिवसांनी सासूबाईंना काही त्रास नसेल तर मुळापासून गेलं का बघायला परत कल्चर करू नका. या वयात कित्येक बायकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात, ते तिथे नुसते राहत असतात, आणि त्रास नसेल तर त्यांना मारायची गरज नसते (गरोदर बाई असेल किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन ठरलं असेल तर वेगळं). रिपोर्ट हातात आला की त्यात परत एस आणि आर दिसणार, परत कोणीतरी मोठ्या आकड्याला गोल करणार. त्रास परत झाला तर मात्र नवीन औषध सुरू करायच्या आधी नवीन कल्चर द्यायचं, आणि तेव्हा हा जुना रिपोर्टही बरोबर न्यायचा, फाईलला लावून ठेवा.